ऊना मलकेरिन, हयात

"अगं पोरी, म्या दारा. टॉमचा दारा. आनिक कोन असनार?"

"ते खरं हो आजोबा, पण पुस्तकात दारा नाहीये."

"नीट बघ. चष्मा पूस जरा."

"चष्मा मी लावतच नाही," नोंदणी कचेरीच्या खिडकीपलीकडची रीओना हसली आणि पडद्यावर बोट फिरवत पुन्हा खाली आली. "हे बघा. आडनाव मलकेरिन. बापाचं नाव टॉम, आईचं केट. गाव तेच, दिवस तुम्ही म्हणता तोच. त्या दिवशी त्या घरात एकच मूल जन्मलंय. मुलगी. नाव ऊना."

दारानं डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि आत काही पडलंय का बघावं तसा तिच्यात बघत राहिला.

"बहीण का तुमची?"

"व्हय. म्हंजी न्हाई. मेली ती."

रीओनानं आणखी दोन-चार बटणं दाबली. "मेल्याची नोंद नाही. लग्नाची पण नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ऊना मलकेरिन हयात आहेत. तुमच्याच घरात." मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं आवाज खाली आणला. "तुमची नोंद नाही, आजोबा. त्यांची आहे. ओळखपत्र हवं तर आधी तुमचा जन्म सापडायला पाहिजे."

"जलम झालाय की. त्याबिगर का हितं हुबा हाय?"

मागं रांगेतला कुणीतरी फिस्सकन हसला. दारा हसला नाही.

शहात्तरीचा गडी, पण उन्हाळा-हिवाळा ओहोटीला खडकांवर उतरणारा. गुडघाभर पाण्यात वाकून विळ्यानं पिवळं शेवाळ कापायचं, त्याची गवताच्या गंजीएवढी गोल रास करायची, भोवती दोर आवळायचा आणि भरती आली की ती तरंगती रास लांब काठीनं ढकलत किनाऱ्याला लावायची. तिथून कारखान्याची गाडी उचलते. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला. बरोबरीचे सगळे इंग्लंडला विटा वाहायला गेले, हा गेला नाही. लग्न केलं नाही. कागद लागेल असं आयुष्यात काही केलंच नाही म्हणा ना. गावात कुणाला कुणाचं आडनाव लागत नाही. बापाचं नाव पुढं लावलं की झालं. अर्ध्या मैलावरून माणूस नुसता चालताना दिसला तरी लोक म्हणतात, तो बघा टॉमचा दारा. पेन्शन सुरू झाली तीही जुन्या पोस्टमास्तरीणबाईंनी पाद्रीबुवांचा बाप्तिस्म्याचा दाखला वर पाठवला तेवढ्यावर.

मग गेल्या हिवाळ्यात वादळ आलं. समुद्र मागच्या दारानं घरात शिरला आणि पुढच्या दारानं बाहेर गेला, जाताना कपाटाचा खण घेऊन गेला. खणात सगळे कागद. "माज्या कागदाचं वाचन आता मासं करत्यात," असं दारा दुकानात सांगायचा आणि लोक हसायचे. पण सरकार हसलं नाही. पत्र आलं, मग दुसरं आलं. फोटोचं नवं ओळखपत्र काढा, नाहीतर पेन्शनही थांबेल आणि दवाखान्याची सवलतही. पेन्शनीवाचून तो उपाशी मेला नसता. समुद्रात मासा आहे, परसात बटाटा आहे. पण छातीच्या गोळ्या समुद्रात पिकत नाहीत. गोळ्या चुकल्या की खडकावर वाकलेला माणूस वर उठताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि तिथं अंधारी आली की पुढचं काम पाणी करतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. बाजाराचा दिवस. दारा खिडकीशी बसला होता, शेजारची जागा मोकळी. माणसं दांडीला धरून उभी होती तरी तिथं कुणी बसेना. एक जाडी बाई पिशव्या सावरत आली, जागेकडं बघून म्हणाली, "हितं कोन हाय का?"

"न्हाई की. बसा."

बाईनं पुन्हा बघितलं. "असू द्या, असू द्या," म्हणाली आणि पुढं जाऊन उभी राहिली. आख्खा रस्ता उभी राहिली. दारानं मान खिडकीकडं केली ती गाव येईपर्यंत वळवली नाही.

ऊना कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ऊना म्हणजे तोच.

त्याच्या आधी टॉमला तीन मुलगे झाले आणि तिन्ही पाळण्यातच गेले. ताप नाही, खोकला नाही. रात्री धडधाकट निजवलेलं पोर सकाळी गार. त्या किनाऱ्यावर असं झालं की कुणी कारण विचारत नाही. टेकडीच्या पोटात राहणाऱ्या, न दिसणाऱ्या लोकांना मुलगे आवडतात, ते उचलून नेतात. त्यांचं नाव कुणी घेत नाही. 'भली माणसं' म्हणतात, म्हणजे ऐकत असली तरी राग नको. आपल्याकडं नवसाच्या पोराला दगडू म्हणतात, नाक टोचतात, तसा त्यांचाही तोडगा आहे: मुलगा झाला तरी मुलगी म्हणायचं. तेव्हा दाराला लाल लोकरीचा घागरा घालून वाढवला. गावातल्या पुष्कळ पोरांनी घागरे घातले, त्यात नवल नव्हतं. पण बाकीच्यांची नावं मुलग्यांचीच होती. दाराला मात्र उंबऱ्याबाहेर ऊना म्हणायचे. घरात, दार लावून, विस्तवापाशी, हळूच दारा. बाराव्या वर्षी धोका टळला असं धरतात. त्या दिवशी आईनं त्याला विजार चढवली, घागरा घडी करून कुठं नेला कोण जाणे, आणि मग चुलीपुढं बसून रडली. पोर वाचलं म्हणून रडतात तसं नव्हे. पोर गेल्यावर रडतात तसं.

हे सगळं त्याला पाठ होतं. पण बापानं सरकारी पुस्तकातही ऊनाच लिहून ठेवलीय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तो कुणाला सांगत नसे. विजार चढल्यानंतरच्या हिवाळ्यातली. दिवस मावळत होता. आई दारात उभी राहिली आणि तिनं किनाऱ्याकडं हाक घातली, "ऊना, घरात ये गं." दारा तिच्या मागं, चुलीपाशी, बटाटा सोलत बसला होता. त्याला वाटलं, सवयीनं म्हणाली असेल, आता हसेल. आई हसली नाही. दार धरून तशीच उभी राहिली, कुणी आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढी, मग अंग चोरून वाट दिली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात कागद गोळा करणं सुरू झालं. रीओनानं सांगितलं होतं, जन्म सापडत नाही तर बाकीचं आणा, बघू काय जमतं. वादळातून वाचलेलं विजेचं एक बिल होतं, ते घेतलं. चर्चमधल्या पाद्रीबुवांनी जुनी वही काढून बाप्तिस्म्याचा दाखला नवा लिहून दिला: मॅकडारा, टॉम मलकेरिनचा मुलगा. दाराचं पुरं नाव तेच. देवापाशी बाप खरं बोलला होता. दाराला जरा धीर आला. मग तो शाळेत गेला.

शाळेत आता सगळी मिळून अकरा पोरं. मोठ्या बाईंनी माळ्यावरून हजेरीचं पुस्तक काढलं, झटकलं, शिंकल्या. "काका, तुम्ही सापडलात. पण तुमची बहीण आधी सापडली. ऊना. ती बाराव्या वर्षी शाळा सोडून गेली, आणि त्याच दिवशी तुम्ही आलात. असं कसं हो?"

"येकीला काडली, येकाला घातला," दारा म्हणाला.

"आणि हे बघा, गंमत. त्या एका दिवशी दोघंही हजर आहात."

दारानं वाकून बघितलं. वाचता त्याला येत होतं, पण त्याला वाचायची गरज पडली नाही. तो दिवस त्याच्या अंगावर आला. नवी टोचरी विजार घालून मुलग्यांच्या बाकावर पहिल्यांदा बसलेला तो; पोरं चिमटे काढतायत; आणि मास्तर सवयीनं हजेरी घेता घेता म्हणाले, "ऊना मलकेरिन." दारा गप्प. तेवढ्यात मुलींच्या बाजूनं, मागच्या बाकावरून, बारीक आवाज आला, "हजर." सगळा वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले आणि लिहून टाकलं. सगळी म्हणाली, कुठल्यातरी टारगट पोरीनं मजा केली. कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि दाराला आठवलं, तो हसणाऱ्या तोंडांकडं बघत होता तेव्हा मागचा बाक रिकामा होता.

"छाप की गं त्येची नक्कल," तो म्हणाला. "दोनीची."

कागद बघून रीओनानं कपाळावर पेन आपटलं. "आजोबा, हे तर आणखीच बिघडलं. आता तुम्ही दोघं झालात."

"मंग काय करायचं म्हन्तीस?"

"चूक दुरुस्त होते. बाप घाबरून किंवा घाईत चुकीचं लिहून गेला, असं पुष्कळ सापडतं. पण जन्माच्या वेळी घरात होतं असं कुणीतरी लागेल. त्यानं शपथेवर सांगायचं की मूल मुलगाच होतं. सरकारनं नेमलेल्या सहीवाल्यापुढं सही झाली, की ऊनाचं नाव खोडून तुमचं लागेल. आहे असं कुणी हयात?"

एकच होती. बार्बराआत्या.

बार्बरा ही टॉमची चुलतबहीण, नव्वदीला टेकलेली. दारा जन्मला तेव्हा ती परकर वर खोचून पाणी भरायच्या वयाची होती आणि बाळंतपणात दिवा धरायला तिलाच उभी केली होती. आता तिच्या घरात ती, विस्तव, आणि तिच्याएवढाच म्हातारा एक काळा कुत्रा. दारा गेला तेव्हा ती बशीत चहा ओतून फुंकत होती.

"न्हाई," ती म्हणाली. अजून त्यानं अर्धंच सांगितलं होतं.

"आत्या, आयकून तर घ्ये."

"आयकलं. त्वांड उघडून म्या म्हनायचं, टॉमच्या घरात पोरगा झाला. आन त्ये बी शपत घिऊन. म्येल्या, तुजा बा त्यासाटी काय करून बसला ठावं हाय का तुला?"

"पुस्तकात ऊना लिवली. त्येच तर म्हन्तोय."

"कशापायी लिवली त्ये इचार." तिनं बशी ठेवली. "तू झालास आन टॉम तालुक्याला चालला नोंद कराया. चालत. गाड्या कुटं व्हत्या? वाटंत वड्यापाशी त्येला येक मानूस भेटला. चांगल्या कापडातला. ह्या भागातला न्हवं. म्हनला, 'टॉम, घरात काय झालं म्हन्तोस?' नाव घिऊन. टॉमनं त्येला कदी बगितला न्हवता."

"मंग?"

"मंग काय? टॉम येडा न्हवता. 'पोरगी,' म्हनला. 'नाव काय?' 'ऊना.' त्यांच्या रानीचंच नाव फेकलं बग त्येच्या तोंडावर. रानीच्या नावाच्या पोरीला कोन हात लावील? त्यो मानूस हसला म्हनं. म्हनला, 'आमी ध्यानात ठिवू.' आन वाटंवर कुनी न्हाई. आता सांग, त्यांस्नी येक सांगायचं आन सरकारला दुसरं, आसं चालतंय व्हय? सरकारची पुस्तकं त्ये बी वाचत्यात. आपल्यापरीस निवांत वाचत्यात."

दारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आत्या, म्या शात्तरीचा झालो. मला कोन निनार आता?"

"त्ये बी खरंच. तुज्यात ऱ्हायलंय काय? वाळला बांगडा." तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पर त्यांचं वय आपल्यावानी मोजत न्हाईत. त्यांच्या हिशेबी तू अजून पाळन्यातच आशील."

"मंग म्या करू काय? ऊनाच्या नावानं पेन्शन उचलू? घागरा घालून फोटू काडू?"

"काड की. पाय बरं हायत तुजं."

"आत्या, गोळ्या बंद व्हत्याल. परवा खडकावर चक्कर आली. दोर धरला म्हनून बरं, न्हाईतर शेवाळाबरूबर किनाऱ्याला लागलो असतो."

बार्बरानं चिमट्यानं विस्तव सारखा केला. कुत्र्यानं डोकं उचललं, दारा बसला होता त्याच्या डाव्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं तिथं बघितलं आणि पुन्हा पंजावर टेकलं.

"तिला इचारलंस का?" म्हातारी म्हणाली.

"कुनाला?"

"कुनाला म्हन्जे? येवडी सालं तुज्या जागी हुबी हाय ती. दारावर कुनी आलं तर, 'हितं पोरगा न्हाई, म्या हाय,' म्हनून सांगत आली. तिला खोडायचं तर तिला इचाराय नगं?"

दारानं हात जोडले आणि उठला. वाटेत तो स्वतःशीच चिडून बोलत होता: म्हातारी चळली, चहात काहीतरी घालून पिते, त्याशिवाय असं बोलत नाही. भर दुपार होती. पांढरंशुभ्र ऊन दगडी कुंपणांवर पडलं होतं. घरी आला, टोपी खुंटीला अडकवली, किटली चढवली आणि आपण तिला खरंच विचारणार आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

आधी त्यानं दार लावून घेतलं. कुणी ऐकलं असतं तर गावभर झालं असतं. मग टेबलापाशी उभा राहून तो म्हणाला, "ऊना."

बारा वर्षं हे त्याचं स्वतःचं नाव होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते स्वतःला घेतल्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्याला हाक मारल्यासारखं वाटलं.

"माज्या गोळ्यांचा प्रश्न हाय," तो म्हणाला. "सरकारला दोघं चालंनात. तुला काडून मला घालत्यात. तू न्हाई म्हनलीस तर म्या न्हाई जानार. सांग."

किटली उकळायला लागली होती, ती सूं सूं करता करता मध्येच थांबली. विस्तव तर होता. घरात इतकं शांत झालं की समुद्रही ऐकू येईना, आणि त्या घरात समुद्र ऐकू आला नाही असं वादळाच्या आदल्या दिवशी तेवढं झालं होतं. दारा उभाच राहिला. आपल्या खांद्याच्या उंचीला, अगदी जवळ, कुणीतरी श्वास धरून उभं आहे, असं त्याला वाटलं. उंची बरोबर त्याचीच. ऊनाही म्हातारी झाली असणार, हे त्याच्या मनात आजवर आलं नव्हतं. तो तिला बारा वर्षांचीच समजत होता.

मग किटलीचं झाकण थडथडलं आणि समुद्र पुन्हा सुरू झाला.

"काय म्हनली?" बार्बरानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"काय न्हाई म्हनली."

"'न्हाई' म्हनली का?"

"'न्हाई' बी न्हाई म्हनली."

"मंग हो म्हनली," म्हातारी म्हणाली. "बायामानसांचं आसंच आसतंय. बोलीव त्या फेस्टीला."

फेस्टी म्हणजे गावचा दुकानदार. पेट्रोलही विकायचा, शवपेट्याही विकायचा, आणि सरकारनं त्याला शपथेच्या सह्या घ्यायचा मान दिलेला होता, त्यामुळं बोलायला लागला की कोर्टात असल्यासारखा बोलायचा. तो कोट घालून बार्बराच्या घरी आला, टेबलावर कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं.

"हं. तर मी, खाली सही करणारी..."

"थांब," बार्बरा म्हणाली. "दारा, त्यो चिमटा आन."

विस्तवाशेजारचा निखाऱ्याचा लांब लोखंडी चिमटा दारानं आणून दिला. तिनं तो आपल्या मांडीवर आडवा ठेवला. भल्या माणसांना लोखंड सोसत नाही म्हणून पाळण्यावर ठेवायचे तसा. फेस्टीनं बघितलं आणि त्याचा कोर्टाचा आवाज थोडा खाली आला. तोही त्याच किनाऱ्यावर वाढला होता.

"आत्या, ह्याची काही गरज..."

"तुज्या सहीची जेवडी हाय तेवडीच. लिव तू."

ती ताठ बसली. तिचा आवाज एरवी फाटका, पण तो आता स्वच्छ निघाला. "म्या बार्बरा. टॉम मलकेरिन माजा चुलतभाऊ. त्येच्या घरात त्या दिशी म्या दिवा धरून हुबी व्हते. केटला पोरगा झाला. पोरगा. म्या माज्या डोळ्यांनी बगितला. मॅकडारा मलकेरिन त्येचं नाव. ऊना कुनी न्हाई. कदी जलमली न्हाई."

फेस्टीचं पेन कुरकुरत होतं. दारा भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात बंद दरवाजाची कडी वर उचलली गेली.

वाऱ्यानं कडी उचलली जात नाही; खालून अंगठ्यानं रेटावी लागते. तिघांनीही ती वर जाताना बघितली. दार हळूहळू आत उघडलं, माणूस जाईल एवढं. बाहेर ऊन, अंगणात एक कोंबडी, रस्ता मोकळा. फेस्टीच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

"कोन आलं?" दारानं विचारलं. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता.

"कुनी आलं न्हाई," बार्बरा म्हणाली. "कुत्र्याकडं बग."

कुत्रा उठून उभा राहिला होता. भुंकत नव्हता. तो उघड्या दरवाजाकडं बघतही नव्हता. त्याची मान भिंतीपाशी, दारा उभा होता त्याच्या डाव्या अंगाला वळली होती, आणि तिथून ती सावकाश सरकत टेबलाच्या कडेनं, फेस्टीच्या खुर्चीमागून, उंबऱ्यापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली. मग कुत्र्यानं शेपूट पायात घातली आणि बाकाखाली शिरला.

"गेली ती," म्हातारी म्हणाली. "जा बाई. लय हुबी ऱ्हायलीस."

फेस्टीनं सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. बार्बरानं सही केली, मोठी, वाकडी, पण पुसट नाही. दारानं केली. फेस्टीनं शिक्का मारला आणि चहाला थांबला नाही. दार मात्र कुणीच लावायला उठेना. शेवटी म्हातारीच म्हणाली, "लाव की रं. थंडी येतीया."

रीओनानं कागद बघितला आणि टाळी वाजवली. "झालं, आजोबा! आता तुम्ही जन्मलात." तिनं त्याला भिंतीपुढं खुर्चीवर बसवलं, टोपी काढायला लावली, हसू नका म्हणाली. तो हसत नव्हताच. पुढच्या पंधरवड्यात पाकीट आलं. त्यात पत्त्याच्या पानाएवढं चकचकीत ओळखपत्र, त्याच्यावर त्याचं तोंड, आणि पुढं मॅकडारा मलकेरिन. गोळ्याही आल्या. दुकानात सगळ्यांनी ते हातोहात फिरवून बघितलं. कुणीतरी म्हणालं, "फोटूत अगदी म्येल्यावानी दिसतोस, दारा." फेस्टीनं बघितलं नाही. तो साखर मोजत राहिला.

घर मोठं झालं होतं. दुसरं काही म्हणता येत नाही. खोली तीच, भिंती त्याच. पण खुर्ची सरकवली की आवाज घुमायचा, आणि रात्री अंथरुणात तो पलंगाच्या ज्या कडेला निजत आला होता त्या कडेला आता नुसतीच रिकामी जागा उरलेली असायची. आपण जन्मभर एका कडेला का निजत होतो, हेही त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तरी तो मधोमध सरकला नाही.

आठवड्याभरात चांगली ओहोटी लागली. पहाटेपासून धुकं होतं, पण ओहोटी धुक्यासाठी थांबत नाही. दारानं गोळी घेतली, ओळखपत्र कोटाच्या आतल्या खिशात टाकलं, विळा आणि दोर घेऊन खडकांवर उतरला. चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तो हातानं चाचपत कापत राहिला. अर्धी रास झाली असेल.

"मॅकडारा मलकेरिन."

हाक पाण्याकडून आली. मोठी नव्हती. कुणी खिडकीत उभं राहून नंबर पुकारावा तशी शांत. आवाज बाईचा की बाप्याचा, सांगता आलं नसतं.

दारानं विळा थांबवला. त्या बाजूला होडी नव्हती. असती तर वल्ह्याचा आवाज आला असता. आणि गावात या नावानं त्याला कुणी हाक मारलेली नव्हती, लहानपणापासून एकदाही नाही. गावाला तो टॉमचा दारा होता. हे नाव उघड्या तोंडानं एकाच जागी घेतलं गेलं होतं, बार्बराच्या घरात, शपथेवर. समुद्रावर हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही, तिसरी आली तरच ती माणसाची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो गप्प राहिला. छाती धडधडत होती, पण गोळी घेतलेली होती.

"मॅकडारा मलकेरिन." या वेळी जरा जवळून.

पूर्वी दुसरं कुणी त्याच्याआधी ओ द्यायचं. आता द्यायला कुणी नव्हतं. त्यानं कान दिला. तिसरी येतेय का बघितलं. धुक्यात पाणी खडकांमधून चुळचुळत वर यायला लागलं होतं. ओहोटी उलटली होती. अर्धी रास कापायची राहिली होती आणि दोर अजून घातला नव्हता. भरतीनं कापलेलंही वाहून नेलं असतं.

दारानं पाण्याकडं पाठ केली, विळ्याची मूठ ओली होती ती कोटाला पुसली, आणि वाकून कापायला लागला.